न्हाणीघराचा हुकूम न्हाणीघरातच राहू द्या

खारघरला घर तापवायची पाळी येत नाही. जानेवारीत डोंगराच्या बाजूच्या सेक्टरांत पहाटे जरा गारठा पडतो, तेवढाच. इथे तापवायचं असतं ते आंघोळीचं पाणी. कुठे गच्चीवर सोलर आहे, कुठे पाइपच्या गॅसवर चालणारा गीझर, पण असंख्य घरांत पंधरा ते पंचवीस लिटरचा, दोन किलोवॅटचा विजेचा गीझरच असतो. आता तो वायफायसकट मिळतो. लोकलमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवरून चालू करा, घरी पोहोचेपर्यंत पाणी तयार. या सोयीला माझा विरोध नाही. माझा विरोध ती पुरवण्याच्या पद्धतीला आहे. बटण मोबाइलवर दाबलं की हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून न्हाणीघरात येतो, आणि गीझर कधी लागला, किती वेळ चालला याची नोंद त्या सर्व्हरवर उरते.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आमच्या गीझरमध्ये कुणाला काय रस, आणि आमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? हे म्हणणारी माणसं प्रामाणिक असतात. पण दार लावून आंघोळ करणारा माणूसही काही लपवत नसतो. महिनाभराच्या नोंदी समोर ठेवल्या, तर घरात साधारण किती माणसं आहेत, पहाटेच्या पाळीला कुणी जातं का, अवेळी गरम पाणी लागणारं आजारी माणूस किंवा तान्हं मूल आहे का, याचा अंदाज बांधता येतो. गणपतीत घर कुलूप लावून किती दिवस बंद होतं, हे तर सरळच दिसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायलो खटल्यात हाच प्रश्न तपासला होता. पोलिसांनी ऑरेगनमधल्या एका घरावर बाहेरून उष्णता टिपणारा कॅमेरा रोखला होता, आणि आत खरोखरच गांजाची रोपं सापडली होती. तरीही वॉरंटशिवाय असं करणं न्यायालयाने बेकायदा ठरवलं. घरातली स्त्री रोज किती वाजता स्नान करते हेही अशा यंत्रातून कळू शकेल, असं न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकालपत्रात लिहिलं. जी माहिती पोलिसांनाही सहज मिळू नये असं त्या न्यायालयाला वाटलं, ती आपण ॲप उतरवताना 'मान्य आहे' या चौकोनावर बोट ठेवून देऊन टाकतो. आपल्याकडेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे.

खारघरात या प्रश्नाला भाड्याच्या घरांचा पदर आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त टोचतो. निफ्टसारख्या संस्थांत शिकणाऱ्या मुली इथे तिघी-चौघी मिळून फ्लॅट घेतात. सेक्टर २२ मधल्या टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेली कुटुंबं जवळपास खोली शोधतात. मालक पुण्यात, नाहीतर दुबईत असतो, आणि गीझर, एसी, दाराचं कुलूप त्याच्या मोबाइलवर नोंदलेलं राहून जातं. तिथे हॅकरची गरजच नाही. मुली कधी उठतात, रात्री किती वाजता परततात, हे मालकाला बसल्या जागी दिसू शकतं. मालक सज्जन असेलही, पण त्या मुलींना कुणी विचारलेलं नसतं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये अशा स्त्रियांच्या हकिगती छापल्या होत्या, ज्यांचे नवरे वा जोडीदार घरातला थर्मोस्टॅट, दिवे, कुलूप दुरून चालवून त्यांना छळत होते. बायकांच्या हातात पासवर्ड नव्हता, एवढंच त्या छळाला पुरेसं होतं.

दुसरा आक्षेप असा की गीझर हॅक झाला तर फार तर पाणी गार राहील. हे एका गीझरपुरतं खरं आहे. आतला थर्मोस्टॅट आणि जादा तापमानाला वीज तोडणारा कटआउट शाबूत असेल, तर पाणी उकळत राहणार नाही. पण धोका एका गीझरचा नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेले पासवर्ड कधीच न बदललेले कॅमेरे आणि राउटर प्रचंड संख्येने ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कोलमडल्या. मालकांना आपला कॅमेरा यात सामील आहे याचा पत्ताही नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात फिनलंडमधल्या लापेनरांता गावी इंटरनेटवरून झालेल्या माऱ्यामुळे दोन इमारतींची ऊब सांभाळणारी यंत्रणा पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली, आणि रहिवासी थंडीत कुडकुडले. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या ल्विव शहरात गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रकांत घातपात झाला. सहाशेहून अधिक इमारती कडाक्याच्या हिवाळ्यात जवळजवळ दोन दिवस उबेवाचून राहिल्या.

आपल्याकडे ऊब गेल्याने कुणी गारठणार नाही, हे मान्य. पण वीज जाऊ शकते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की एसी, हीटर यांसारखी जास्त वीज खाणारी जोडलेली उपकरणं एकाच क्षणी चालू किंवा बंद केली, तर वीजजाळ्याचा तोल बिघडवता येतो. हिशेब साधा आहे: दोन किलोवॅटचे पन्नास हजार गीझर म्हणजे शंभर मेगावॅट, तेही एका झटक्यात.

वीज वाचते, हा तिसरा दावा. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, म्हणजे दोन किलोवॅटच्या गीझरला जेमतेम वीस मिनिटं. हे भौतिकशास्त्र वायफायने बदलत नाही. वाचतं ते विसरून चालू राहिलेल्या गीझरचं, आणि त्यासाठी भिंतीवरचा साधा टायमर पुरतो. तो कुणाला काही कळवत नाही.

महावितरणचा नवा, वेळेनुसार वापर नोंदणारा टीओडी मीटर सगळं बघतोच आहे, मग गीझरने काय बिघडलं, असाही प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. घराच्या एकूण वीजवापराच्या आलेखावरून कोणतं उपकरण कधी चाललं हे ओळखण्याची पद्धत एमआयटीच्या जॉर्ज हार्ट यांनी बसवली, आणि त्यातून पाळत ठेवता येईल असा इशाराही त्यांनीच १९८९ मध्ये दिला. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये याच कारणावरून स्मार्ट मीटरची सक्ती अडवली होती. म्हणजे मीटरच्या नोंदींवरही कडक बंधनं हवीतच. पण महावितरणला जाब विचारायला वीज नियामक आयोग आहे, ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. गीझर कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरला जाब विचारायला खारघरच्या माणसाने कुठे जायचं? एक खिडकी उघडी राहिली म्हणून दुसरीही उघडी टाकणं हा युक्तिवाद होऊ शकत नाही.

आता मी काय मागतो ते सांगतो. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण तो माहितीबद्दल बोलतो. गीझरच्या आतलं सॉफ्टवेअर किती पक्कं असावं हे तो सांगत नाही. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये अशा उपकरणांसाठी आचारसंहिता काढली. सगळ्या नगांना एकच पासवर्ड नको, हा त्यातला पहिला मुद्दा, पण ती पाळणं ऐच्छिक आहे. ब्रिटनने हीच गोष्ट २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने सक्तीची केली. आपल्या सरकारलाही सक्ती जमते: सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीशिवाय विक्री नाही, हा नियम एप्रिल २०२५ पासून लागू आहे. तोच नियम गीझर, एसी, स्मार्ट प्लग आणि कुलपांना लावा. विजेचा धक्का बसू नये म्हणून गीझरवर आयएसआयची खूण आपण सक्तीची केली आहे. पासवर्ड सुरक्षित असल्याची खूण तशीच डब्यावर छापली जावी.

आणि इंटरनेट तुटलं, कंपनी बुडाली, तरी यंत्र घरातल्या घरात पूर्ण चाललं पाहिजे. गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटची मोबाइलवरची जोडणी बंद केली. भिंतीवरची तबकडी फिरत राहिली म्हणून त्या घरांची ऊब टिकली. ज्या गीझरला अशी तबकडी नाही, तो विकत घेऊ नका.

कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. या वर्षी विषयपत्रिकेवर एक ठराव घ्या: घर भाड्याने देताना मालकाने गीझर, एसी, कुलूप, कॅमेरा यांच्यावरचा आपला मोबाइलचा ताबा काढून भाडेकरूच्या हाती द्यावा, आणि तसं कलम भाडेकराराच्या मसुद्यात घालावं. याला एक पैसा खर्च नाही.