बेबी पावडर: कोर्टात कंपनी जिंकली, पण हिशेब बाकीच आहे

आष्टीपासून समुद्रपूरपर्यंत घरात बाळंतीण असली की खाटेजवळ जॉन्सनचा पांढरा डबा दिसायचाच. बारशाच्या आहेरातही तोच यायचा. एवढा भरवसा टाकला, तर कंपनी त्या लायकीची होती का, हे तपासणंही आपलंच काम.

आधी आपल्या राज्यातलं पाहू. पुणे आणि नाशिकला घेतलेले नमुने पीएच, म्हणजे सामू, ठरलेल्या मापात नसल्यानं सरकारी तपासणीत नापास झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न व औषध प्रशासनानं मुलुंड कारखान्याचा परवाना रद्द केला. कंपनी हायकोर्टात गेली. नव्यानं तपासलेले नमुने पास झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानं सरकारचे आदेशच रद्द केले. नमुना २०१८ चा अन् कारवाई २०२२ ला, यावरून प्रशासनाला बोलणीही बसली. पावडर खरंच खराब असती, तर तो माल केव्हाच लेकरांच्या अंगाला लागून संपला असता!

मग कंपनी निर्दोष का? पीएचच्या बाबतीत कोर्टाचं मानू. पण खरा प्रश्न टाल्कचा आहे. पावडर ज्या खनिजापासून बनायची, ते हे टाल्क. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होतं, त्यानं कॅन्सर झाला, असे हजारो दावे अमेरिकेत दाखल आहेत. कंपनी ते नाकारते. तरी २०२० मध्ये तिनं अमेरिका-कॅनडात टाल्कची बेबी पावडर बंद करायचं ठरवलं. कारण दिलं, मागणी घटली. भारतात मात्र विक्री चालूच. जगभर बंद करायचं ठरलं ते २०२३ साठी. पुढे जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं टाल्कला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं.

माल चांगला होता, तर तिकडे बंद का केला? शंका होती, तर इकडे का विकला? व्यापाऱ्यानं दोन गावांत दोन काटे ठेवले तर आपण त्याला काय म्हणतो? कंपनीलाही तेच माप लावा.

आता घरातला डबा उलटा करून वाचा. 'टाल्क' लिहिलं असेल, मग कंपनी कोणतीही असो, लेकराला लावू नका. 'कॉर्न स्टार्च' म्हणजे मक्याचं पीठ. तेही नाकातोंडात जाऊ देऊ नका. तक्रार असेल तर बिल जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावा.