धर्मार्थ बाजार आणि आनंदाचे वावडे

दानधर्मात आनंदाचे वावडे असणारा एक वर्ग आमच्या समाजात आहे. डिसेंबर उजाडला, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरांवर नखेत्रे लागली आणि कोठे नाताळानिमित्त हस्तकलेच्या वस्तूंचा धर्मार्थ बाजार भरला, की ह्या वर्गाची जीभ सुटते. दान करावयाचे तर मुकाट्याने करावे, त्यासाठी बाहुल्या, रुमाल आणि गोडधोड विकत कशाला घ्यावे, हा एक आक्षेप. परक्यांच्या सणात आपल्या माणसांनी जावेच कशाला, हा दुसरा. पहिला वैराग्याचा वेष घेऊन येतो, दुसरा धर्माभिमानाचा. आम्ही दोन्ही तपासून पाहिले. दोहोंतही दम नाही.

पहिल्या आक्षेपास कायद्याचा टेकू देणारेही भेटतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२२ व्या कलमानुसार स्वखुशीने, मोबदल्याविना केलेले हस्तांतरण ते दान. मग पैसे मोजून रुमाल घेणारा दाता कसला, तो तर गिऱ्हाईक! व्याख्या बिनचूक आहे, लावली मात्र भलत्याच माणसाला. बाजारातील खरी दात्री मेजापलीकडे उभी असते. कापड तिचे, दोरा तिचा, रात्री जागलेले डोळे तिचे. तिला एक छदामही मिळत नाही. जिच्या हाती घरच्या तिजोरीची किल्ली नाही, वर्गणीच्या यादीत जिचे नाव कधी लागणार नाही, तिने दान करावे तरी कसे? आणि गिऱ्हाइकाचेच म्हणाल तर आमच्या गोव्यातील देवळांतली पावणी आठवा. देवापुढे ठेवलेला नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो, बोली चढेल तसा मंडपातला उत्साह चढतो, आणि घेणारा तो नारळ मिरवीत घरी नेतो. त्या व्यवहारास आजवर कोणी व्यापार म्हटले आहे काय?

नाताळचा बाजार म्हणजे रिकामपणचा पोरखेळ, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतील बोस्टन शहराचा दाखला पाहावा. तेथे १८३३ मध्ये स्त्रियांची एक गुलामगिरीविरोधी संस्था निघाली. गोऱ्या व काळ्या स्त्रिया तीत एकत्र बसत. १८३४ च्या डिसेंबरात लिडिया मारिया चाइल्ड प्रभृतींनी तिच्यासाठी हातच्या वस्तूंची विक्री मांडली, आणि पुढे मारिया वेस्टन चॅपमन ह्या बाईंच्या चालकत्वाखाली तो बाजार दरवर्षी नाताळच्या सुमारास भरू लागला. पुढचा नाताळ येण्यापूर्वीच, २१ ऑक्टोबर १८३५ रोजी, ह्या संस्थेच्या सभेवर दंगेखोरांचा जमाव चालून आला. नगराध्यक्षाने स्त्रियांना सभागृह सोडावयास सांगितले. गोरी आणि काळी अशा जोडीने, हातात हात घालून, त्या जमावामधून बाहेर पडल्या. विल्यम लॉइड गॅरिसन ह्या संपादकास त्या दिवशी दोर बांधून रस्त्यातून ओढण्यात आले. एवढे पाहिल्यावरही ह्या स्त्रियांनी सुई खाली ठेवली नाही. टाक पुसावयाच्या फडक्यावर देशावरील गुलामगिरीचा डाग पुसण्याचे आवाहन त्या भरीत. सुया ठेवण्याच्या घडीवर गुलामांच्या मालकांचे अंतःकरण टोचले जावो अशी इच्छा लिहीत. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड येथील भगिनी पेट्या भरून वस्तू धाडीत. हिरव्या फांद्यांची सजावट, मुलांची खेळणी, ओळखीपाळखीच्यांची वर्दळ, अशा थाटात जमलेला पैसा चळवळीच्या कार्यास जाई. ज्या घरांत गुलामगिरीविरोधाचे पत्रक कोणी हाती धरले नसते, त्या घरांत ते फडके टाकाशेजारी जाऊन बसले. कोरड्या वर्गणीच्या पावतीने हे कसे साधले असते?

आणि नाताळ हा त्या शहराचा तरी परंपरेचा सण होता काय? मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता! तेथील कर्मठ ख्रिस्त्यांना ह्या सणात मूर्तिपूजकांचा वास येई. आमच्या आक्षेपकांना हे सोबती लखलाभ असोत.

१८५८ मध्ये चॅपमनबाईंनीच बाजार बंद करून वर्गणीचा मार्ग धरला, हे प्रतिपक्ष आमच्या तोंडावर फेकील. फेको. वर्गणीने थैली अधिक फुगते, हे आम्ही वादापुरते मान्यही करतो. परंतु यादीत ज्यांचा आकडा बसत नाही अशा हातांचे काय, ह्याचे उत्तर त्या थैलीत नाही.

त्याच बोस्टनमध्ये १८८७ साली पंडिता रमाबाईंच्या साह्यार्थ मंडळ निघाले, दहा वर्षे मदत देण्याचे त्याने पत्करले, आणि त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. परक्याच्या दुःखासाठी पैसा उभारण्याची सवय त्या गावाला होती, असे आम्हांस वाटते. येथे वाचकांपैकी कोणी कपाळास आठी घालतील, हे आम्ही जाणतो. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ती शंका पोकळ नव्हती. परंतु धोंडो केशव कर्व्यांनी त्याच वर्षी जिच्याशी विवाह केला ती गोदूबाई ह्याच सदनाची विद्यार्थिनी, हेही त्याच इतिहासात आहे. शंका असेल तर प्रश्न विचारावे: पैसा कोणासाठी, वही कोणाच्या हाती, मदतीस अट कोणती? उत्तरे समाधानकारक असतील तर बाजारात जाण्यास अडचण उरत नाही. नसतील तर बाजार आपल्या देवळाच्या पटांगणात भरला तरी जाऊ नये.

शेजाऱ्याने नाताळात धाडलेले गोडाचे ताट आमच्या किती घरांनी परतविले आहे? चवथीच्या नेवऱ्या त्यांच्या घरी जातात त्या कोणत्या शास्त्राने? ताट चालते आणि शेजारच्या अनाथ मुलांसाठी विणलेली टोपी चालत नाही, ह्यातील तर्क आम्हांस कोणी समजावून द्यावा.

देवस्थान समित्यांपुढे आमची मागणी साधी आहे. येत्या जत्रेत मिठाई आणि खेळण्यांची दुकाने लागतील त्यांत दोन गाळे विनाभाडे राखून ठेवावे. गावातील स्त्रियांनी, मग त्या कोणत्याही वाड्यावरच्या असोत, हातचे काम तेथे मांडावे. कोणत्या रुग्णाच्या औषधास वा कोणत्या मुलीच्या फीस पैसा जाणार ते आधी ठरवावे, आणि आठ दिवसांत जमाखर्च देवळाच्या फलकावर लावावा, न विकलेल्या वस्तूंच्या यादीसह.