नो ड्यूजच्या फॉर्ममध्ये मेडिक्लेमचा रकाना हवा

हिंजवडी असो की ऐरोली, आयटी कंपनीतला शेवटचा दिवस साधारण सारखाच जातो. लॅपटॉप जमा, ओळखपत्र जमा, नो ड्यूजच्या फॉर्मवर चार विभागांच्या सह्या. फुल अँड फायनल कधी मिळणार, हे मात्र आवर्जून विचारले जाते. मेडिक्लेमची आठवण कर्मचाऱ्याला नसते आणि एचआर आपणहून विषय काढत नाही. बहुतेक ठिकाणी ग्रुप पॉलिसीचे संरक्षण त्याच रात्री संपते. पॉलिसीत आईवडील असतील तर त्यांचेही.

हप्ता खरे तर वर्षभराचा भरलेला असतो. कर्मचारी गेला की कंपनी त्याचे नाव वगळायला कळवते आणि क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या महिन्यांचा हप्ता सहसा कंपनीच्याच खात्यात जमा होतो. आईवडिलांचा हप्ता पगारातून कापला जात असेल, तर तो परतावा कुणाचा? हा प्रश्न निरोपाच्या केकसमोर कुणाला सुचणार!

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा जाणाऱ्यांचे विमा संरक्षण वाढवून देण्याचा विचारही बोलून दाखवला होता. म्हणजे हे करता येते. पण ते कंपनीच्या मर्जीवर का असावे?

नियम अगदीच नाहीत असे नाही. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची मुभा विमा नियामक आयआरडीएआयने दिली आहे. ग्रुपमध्ये काढलेली वर्षे प्रतीक्षा काळातून वजा होतात, आणि खरी गोम इथेच आहे. पन्नाशीतल्या, मधुमेह असलेल्या मॅनेजरने कोरी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. तोच माणूस ग्रुपमधून थेट गेला तर त्यातला बराच काळ वाचतो. अट एवढीच, की अर्ज वेळेत, संरक्षण चालू असतानाच करायचा. अर्थात प्रकृती पाहून पॉलिसी द्यायची की नाही, किती रकमेची आणि किती हप्त्याने, हे शेवटी विमा कंपनीच ठरवते. हक्क आहे, पण अर्धामुर्धा.

गंमत म्हणजे कमी पगाराच्या कामगाराबाबत कायद्याने हा विचार आधीच केला आहे. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआय या सरकारी विमा योजनेच्या छत्राखाली येतो. कारखाना बंद पडून किंवा कपातीत त्याची नोकरी गेली आणि पुरेसा वर्गणीकाळ झालेला असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत २४ महिन्यांपर्यंत भत्ता आणि त्या काळात कुटुंबासह उपचार मिळतात. चाकणच्या फिटरसाठी जे तत्त्व मान्य आहे, ते हिंजवडीच्या टेस्टरला लागू होत नाही.

अमेरिकेत ‘कोब्रा’ नावाचा कायदा १९८६ पासून आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून नोकरी गेली तर तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. निर्णयाला ६० दिवस मिळतात. एच-१बी व्हिसावरच्या मराठी कुटुंबांना नोकरी गेल्यावर देशात राहायलाही जास्तीत जास्त ६० दिवसच मिळतात, त्यामुळे दोन्ही घड्याळे एकदमच टिकटिकतात. आणि किंमत? मालकाच्या वाट्यासकट सगळा हप्ता, वर २ टक्के. २०२४ मध्ये तिथल्या नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५ हजार डॉलरच्या पुढे होता. पगार थांबलेल्या घराला हे झेपत नाही, तेव्हा ती व्यवस्था जशीच्या तशी उचलण्यात शहाणपण नाही. तिच्यातली एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. कर्मचाऱ्याला त्याचा हक्क लेखी कळवणे तिथे बंधनकारक आहे.

आपल्याकडे नो ड्यूजच्या फॉर्ममध्ये मेडिक्लेमचा रकाना हवाच, पण हे काम निव्वळ एचआरवर सोडायचीही गरज नाही. नाव वगळण्याची यादी विमा कंपनीकडेच जाते. कोण गेला, त्याच्या घरात कोण कोण आहे, कुणाचे वय किती, हे सारे तिच्या नोंदीत असते. एरवी पॉलिसी खपवायला दिवसातून तीनदा फोन करणाऱ्या या कंपन्यांना त्या यादीवरच्या प्रत्येकाला एक पत्र आणि एक एसएमएस पाठवणे जड नाही. आयआरडीएआयने ते सक्तीचे करावे, आणि पत्र मिळाल्यापासून ९० दिवस, हवे तर कर्मचाऱ्याच्या खर्चाने, जुने संरक्षण तसेच चालू राहील अशी अट घालावी.