खलनायिकेची सरकारी नोकरी

खलनायकाने मरेपर्यंत खलनायकच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंद्रजाल कॉमिक्समध्ये ही सोय होती. वेताळाचा ठोसा बसला की जबड्यावर कवटीची खूण कायमची! माणूस कुठेही ओळखू यायचा.

अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीने १९७८ साली मिस्टीक आणली. निळ्या कातडीची ही बाई हवे त्याचे रूप घेते. (आमच्या काउंटरवर सही जुळवणाऱ्याचे काय व्हावे?) १९८१ मध्ये टोळी जमवून ती एका सिनेटरच्या खुनाला निघाली. आणि १९८५ मध्ये? माफीच्या बदल्यात थेट सरकारी चाकरी! २००३ मध्ये तर तिच्याच नावाची मालिका निघाली, त्यात बाई सज्जनांसाठी हेरगिरी करतात. का, तर म्हणे जगाने तिला छळलं.

अहो, जगाने कुणाला सोडलंय? मारेगावचा कापूसवाला पीककर्जाला येतो तो सातबारा, आठ-अ, नो ड्यूज घेऊन. थकला की नाव थकबाकीदारांत. बोंडअळीने काय छळलं, ते लिहायला फॉर्मात रकानाच नाही. हिला मात्र लेखकाने चार पानं रडवलं की खातं निल! हिने मारलेल्यांच्या बायकापोरांच्या वाट्याला किती चौकटी आल्या? आधी ती वसुली दाखवा, मग खुशाल नायिका म्हणा.