सोसण्याचे कौतुक पुरे!

डोके दुखणे ही आपल्याकडे व्यथा मानली जात नाही, सबब मानली जाते. वर्गातल्या पोराने डोके दुखते म्हटले की आम्ही मास्तर लोक प्रथम त्याची गृहपाठाची वही मागतो. हा रिवाज मीही पुष्कळ वर्षे इमानाने पाळला. आता तोच माझ्यावर उलटला म्हणून मी ओरडतो आहे, असे कोणी म्हटल्यास मला ते कबूल आहे. पण ओरडणे भाग आहे.

गेली अकरा वर्षे आश्विन लागला की माझे दुखणे उभे राहते. रात्री दोनचा सुमार. उजव्या डोळ्याच्या मागे कोणी तापलेली सळई घालून फिरवावी तशी कळ उठते. तो डोळा लाल होऊन वाहू लागतो, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते, पापणी अर्धी मिटते. तास-सव्वा तासाने सगळे ओसरते आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळेला पुन्हा येते. सहा-सात आठवडे हा क्रम चालतो. मग पुढल्या आश्विनापर्यंत मी ठणठणीत! नरकचतुर्दशीच्या पहाटे घरची मंडळी अभ्यंगस्नानाला उठतात, तेव्हा मी अंगणात फेऱ्या घालून घालून दमलेला असतो.

ही अर्धशिशी नव्हे. हिचे नाव क्लस्टर हेडेक. झटके घोसाघोसाने येतात म्हणून हे नाव. बेयर्ड हॉर्टन या डॉक्टरांनी १९३९ साली हिचे सविस्तर वर्णन केले. ते मेयो क्लिनिकचे. आपल्या नागपुरातले मेयो नव्हे, अमेरिकेतले. एक झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो, आणि काहींना दिवसातून आठ-आठ झटके येतात. मेंदूच्या तळाशी झोपेजागेचे घड्याळ सांभाळणारा हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याचा या दुखण्याशी संबंध आहे. म्हणून तर ते घड्याळ लावल्यासारखे येते!

हे नाव मला सातव्या वर्षी कळले. तोवर मला ऊन लागले होते, पित्त झाले होते, चष्म्याचा नंबर चुकला होता आणि एक निरोगी दाढ उपटून झाली होती. अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खावी असे आपल्याकडे सांगतात; तीही मी एकवीस दिवस खाल्ली. जिलेबीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जिलेबीनंतरच्या उपदेशाबद्दल. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, “मास्तर, काहून एवढं मनावर घेता जी? माह्या मायनं सहा बाळंतपणं काढली, एक गोळी नाई घेतली. सोसाव लागते.”

या “सोसाव लागते”शी माझे भांडण आहे.

त्या माउलीने सोसले, कारण तिला काही देणारे कोणी नव्हते. तिची ती गैरसोय होती; मुलाने तिचे व्रत करून टाकले. आणि आता त्या व्रताचा दाखला देऊन दुसऱ्यालाही काही मिळू नये, अशी ही व्यवस्था! सोसणाऱ्याचे कौतुक केले की पाहणाऱ्याला काही करावे लागत नाही. कौतुकाला पैसा पडत नाही, रात्री उठावे लागत नाही, रिक्षा बोलवावी लागत नाही.

बिनऔषधाने राहण्याची थोरवी मला कोणी सांगू नये. मी बिनऔषधाचाच माणूस आहे, पण हौसेने नव्हे. या दुखण्यावर औषधे आहेत. झटका तोडणारे सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन आहे. पण माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत दोष निघाला आणि अशा माणसाला ते चालत नाही. झटके येऊच नयेत म्हणून व्हेरापामिलची गोळी आहे. तिने माझी नाडी इतकी मंदावली की डॉक्टरांनीच ती बंद केली. ज्यांना ही औषधे सोसतात त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली खुशाल घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. दुकानातली साधी डोकेदुखीची गोळी मात्र इथे कुचकामी. ती पोटात विरघळून कामाला लागेतो झटका आपणहून सरत आलेला असतो.

मग माझ्यासारख्याने करायचे काय? पुष्कळ काही आहे, आणि त्यातले बरेचसे इतरांच्या हाती आहे.

पहिली गोष्ट, त्याला झोपवू नका. अर्धशिशीचा माणूस अंधारात निपचित पडून राहतो. या दुखण्याचा माणूस एका जागी बसूच शकत नाही. माझी पत्नी पहिल्या वर्षी मला बळेच निजवून डोके दाबू पाहत होती. एका रात्री मी तिचा हात झिडकारला. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मी अंगणात भिंतीला डोके टेकून उभा राहिलो. कोणीतरी एका शब्दाने सांगितले असते की याला चालू द्या, तर ती रात्र आम्हा दोघांच्या वाट्याला आली नसती.

दुसरी गोष्ट, वेळेवर निजणे, दुपारची झोप टाळणे आणि झटक्यांची वही ठेवणे. आणि त्या आठवड्यांत दारूचा थेंबही नको. घोटभर दारूनेही तासाभरात झटका उठू शकतो. आता गंमत पाहा. लाल डोळा आणि अर्धी पापणी घेऊन मी शाळेत गेलो, तेव्हा मास्तर रात्री घेतात अशी कुजबुज झाली आणि मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून तोंडाचा वास घेतला! एरवी कधीमधी घेणाराही ज्या दिवसांत बाटलीला भितो, त्या दिवसांत माझ्यावर हा आळ.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: प्राणवायू. शुद्ध ऑक्सिजन, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून, मिनिटाला बारा ते पंधरा लिटर, पंधरा मिनिटे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ऑक्सिजनने शंभरातले ७८ झटके पंधरा मिनिटांत शमले किंवा पुरेसे निवले. नुसती हवा दिली तेव्हा अवघे २०. इतका साधा उपाय! पण तो मागायला गेल्यावर काय घडते ते ऐका.

एका रात्री मी शहरातल्या एका रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझ्या बोटाला चिमटा लावला. आकडा आला ९८. “तुमचा ऑक्सिजन उत्तम आहे, तुम्हाला गरज नाही,” असे म्हणून त्यांनी कमरेत वेदनाशामक सुई टोचली. अहो, मला धाप लागली म्हणून ऑक्सिजन नको होता; तो या झटक्यावरचा इलाज आहे! तहान नाही म्हणून भाजलेल्या हातावर पाणी ओतायचे नाही, असा हा न्याय झाला.

ऑक्सिजनची किंमत नागपूरकरांना कोणी शिकवायला नको. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस आली आणि तिने तीन टँकर आपल्या स्थानकावर उतरवले, ती रात्र हे शहर विसरलेले नाही. तेव्हा नव्हता म्हणून माणसे तडफडली. आज सिलिंडर भिंतीशी उभा असतो आणि आकडा चांगला आहे म्हणून माणसाला परत पाठवतात.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात या दुखण्याची चार लक्षणे आणि ऑक्सिजनचे प्रमाण लिहिलेला एक कागद भिंतीवर लावा. ज्याचे निदान झाले आहे त्याला घरी सिलिंडर ठेवण्याची चिठ्ठी देताना हात आखडू नका. रुग्णांनीही तो मनाने आणू नये. फुप्फुसाचा जुना विकार असल्यास त्याने अपाय होतो. आणि पहिल्यांदाच भयंकर डोके दुखले, ताप आला, हातपाय लुळे पडले, तर त्याला हे नाव देऊन घरी बसू नये. तडक डॉक्टर गाठावा.

माझा सिलिंडर यंदा मागच्या खोलीत आहे. पणत्या पुढच्या ओसरीवर, फुलबाज्या रस्त्यावर. ऑक्सिजनजवळ ठिणगी नको, हे घरातल्या धाकट्यालाही पाठ झाले आहे. झटका अजूनही दोनलाच येतो. पत्नी उठते, चावी फिरवते आणि काही न बोलता घड्याळ पाहत बसते. बहुधा अर्ध्या तासाच्या आत आम्ही दोघे पुन्हा झोपलेले असतो.

गेल्या महिन्यात आठवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, डोकं दुखते.” मी वही मागितली नाही. कोणत्या बाजूला, केव्हापासून, एवढे विचारले. तो आधी घाबरला, आणि मग सांगू लागला.