डबा नंतर बघू?

"आधी सर्किट चालू होऊ दे रे, डब्याचं काय, नंतर बघू!" घरी इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करणाऱ्यांचं हे लाडकं वाक्य. "माझ्या मशीनवर तर चालतंय" याचा हा हार्डवेअरमधला सख्खा भाऊच म्हणा ना.

माझं मत साफ उलटं आहे. डबा पत्र्याचा असेल आणि आत २३० व्होल्ट येणार असतील, तर डबा हाही सर्किटचाच भाग. त्याचा विचार पहिल्याच दिवशी व्हायला हवा.

नाहीतर होतं काय, की शेवटी बोर्ड ग्लू गनने चिकटवला जातो. आत गरम झालं की तो ग्लू मऊ पडतो, बोर्ड सरकतो आणि खालची सोल्डरिंगची टोकं पत्र्याला टेकतात. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो. वाईट असेल तर सगळं मस्त चालू राहतं... फक्त डब्याला करंट येतो!

आणि हे टाळायला लागतं काय? तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळणारे ३ मिमी स्क्रूचे, १० मिमी उंचीचे चार पितळी स्पेसर. सोल्डरिंगच्या आधी रिकामा बोर्डच पत्र्यावर ठेवून खुणा करायच्या, सेंटर पंच मारायचा, ३.२ मिमीचं ड्रिल. सगळी भोकं आधी पाडून पत्र्याचा चुरा झटकायचा आणि मगच बोर्ड बसवायचा. स्क्रूच्या डोक्याखाली ट्रॅक येता कामा नये. बोर्डावरचा हिरवा थर म्हणजे इन्सुलेशन नव्हे.

रेग्युलेटर पत्र्यालाच कसणार असाल तर आणखी एक. ७८०५ ची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, पण एलएम३१७ ची आउटपुटला! दिसायला दोघे जुळे, पण दुसऱ्याच्या मागे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. थ्री-पिन प्लगची ती जाड, लांब पिन शोभेची नाही. तिची हिरवी वायर डब्याला स्वतंत्र बोल्टने, खालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून कसायची. बोर्डाच्या स्क्रूवर भागवायचं नाही, कारण बोर्ड काढला की अर्थिंगही गेलं. नीट अर्थिंग असेल तर लाइव्ह वायर डब्याला लागताच मोठा करंट वाहतो आणि फ्यूज उडतो. आपल्या भाषेत हाच एक्सेप्शन हँडलर.

"मग प्लास्टिकचाच डबा घे की!" छोट्या कामाला जरूर घ्या. पण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बाहेरचा गुणगुणाट अडवायला आणि उष्णता बाहेर काढायला पत्राच बरा.

असो. झाकण लावण्याआधी प्लग काढून, डब्याचा स्विच ऑन ठेवून मल्टीमीटर लावा. अर्थ पिन ते डबा जवळजवळ शून्य ओहम, इतर दोन पिना ते डबा ओपन. दोन मिनिटांचं टेस्टिंग आहे. कोड रिलीज करताना आपण याहून जास्त करतो, आणि तिथे तर कुणाला शॉकही बसत नाही!