हातातील खाते आणि समाजाची पत

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच मराठवाड्यातील हिंगोली येथील एका शासकीय कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. ३० ऑगस्टच्या विवाहास अवश्य यावे, एवढाच मजकूर आणि त्याखाली पत्रिकेसारखी दिसणारी एक फाईल. पत्रिका समजून उघडलेली ती फाईल प्रत्यक्षात मोबाईलमध्ये शिरणारे एक ॲप होते. त्या गृहस्थांच्या बँक खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ही वार्ता ऐकून ‘अनोळखी क्रमांकावरची पत्रिका उघडलीच कशाला?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. पत्रिका मिळाली नाही म्हणून जेथे भावकीत वर्षानुवर्षे अबोला धरला जातो, तेथे आलेली पत्रिका न उघडणे हे कोणाला सुचावे? चोराने संगणकाचा जेवढा अभ्यास केला, त्याहून अधिक अभ्यास आपल्या रीतिरिवाजांचा केला आहे.

आणि फसतो तो अडाणी, हा समजही सोडून द्यावा लागेल. खासदार सुप्रिया सुळे यांचा मोबाईल व व्हॉट्सॲप ११ ऑगस्ट २०२४ रोजी हॅक झाले. डिसेंबर २०२० मध्ये अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर यांचे इन्स्टाग्राम खाते असेच गेले होते. खात्याची पडताळणी करावयाची आहे, या पायऱ्या पूर्ण करा, असा संदेश आला आणि त्या पायऱ्यांवरूनच चोर आत शिरला. या दोघींची एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे. दोघींनी घडलेला प्रकार स्वतः जाहीर केला आणि पोलिसांत तक्रार दिली. आपल्याकडे नेमके उलट होते. घराण्यातला पहिला शिकलेला माणूस, गावात ‘सर’ किंवा ‘साहेब’ म्हणून मान असलेला, तो खाते गेले हे सांगायलाच लाजतो. तो लाजून गप्प बसतो तेवढा वेळ चोराला मोकळे रान मिळते.

व्हॉट्सॲपचे खाते पळविण्याची रीत तशी साधी आहे. चोर आपल्या मोबाईलवर तुमचा क्रमांक टाकतो. सहा अंकी संकेतांक तुमच्या मोबाईलवर येतो. मग ‘चुकून तुमच्या नंबरवर कोड आला, जरा सांगता का?’ असा निरोप येतो, आणि तो बहुधा आधीच चोरलेल्या एखाद्या वर्गमित्राच्या खात्यावरून येतो. म्हणूनच तो खरा वाटतो. संकेतांक दिला की खाते गेले. यावर उपाय म्हणजे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’, अर्थात स्वतः ठरविलेला आणखी एक सहा अंकी पिन. हा पिन तुम्ही ठेवला नसेल, तर चोर स्वतःचा ठेवतो. मग खाते पुन्हा हाती येण्यास सात दिवस थांबावे लागू शकते. तरीही आपल्या क्रमांकावर नवा संकेतांक मागवून लगेच पुन्हा नोंदणी करावी, कारण त्यायोगे चोर तरी तत्काळ बाहेर फेकला जातो. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ हा भागही अधूनमधून उघडून पाहावा. झेरॉक्सच्या दुकानातील किंवा नेट कॅफेतील संगणकावर उघडलेले व्हॉट्सॲप तेथेच चालू राहिलेले असू शकते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांचे गट भोकरदनपासून मंठ्यापर्यंत आणि पुढे पुण्या-मुंबईपर्यंत पसरलेले आहेत. वसतिगृहात एका ताटात जेवलेल्यांचा एकमेकांवर जो विश्वास असतो, तो बँकेच्या तारणाहून मोठा. ‘जय भीम दादा, दवाखान्यात आहे, दहा हजार पाठव’ असा संदेश आला की हात आपोआप खिशाकडे जातो. अशा वेळी एक फोन करून आवाज ऐकावा. यात अविश्वास दाखविल्यासारखे काही नाही.

परंतु पैशाहून मोठी हानी दुसरीच आहे, आणि तिच्याविषयी आपण फारच कमी बोलतो. सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन जमाव चालून गेला. प्रार्थनास्थळात असलेल्या एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद करावे लागले. खाते कोणाचे आणि मजकूर लिहिणारा हात कोणाचा, हे तपासण्यासाठी जमाव थांबत नसतो. आपल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या चोरलेल्या खात्यावरून महापुरुषांविषयी दोन ओळी टाकल्या गेल्या, तर त्याची झळ त्या मुलापुरती राहील काय? वस्तीला ती सोसावी लागेल. म्हणून पासवर्ड ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, हे मत आम्हांस मान्य नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६ सी अन्वये दुसऱ्याचा पासवर्ड वापरून त्याची ओळख चोरणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. कायदा आपल्या बाजूचा आहे. तक्रार मात्र वेळेत नोंदविलेली हवी. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, अन्य प्रकारात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा जवळचे पोलीस ठाणे.

एक बाब शहरी सल्लागारांच्या यादीत सहसा आढळत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम मांडतो. आपले कित्येक पालक दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. सहा महिन्यांत रिचार्ज संपतो, जुने सिम बंद पडते, आणि परतल्यावर नवे सिम घेतले जाते. बंद झालेला क्रमांक कंपनी किमान ९० दिवस राखून ठेवते; त्यानंतर तो दुसऱ्या कोणासही मिळू शकतो. मुलीचे इन्स्टाग्राम, वडिलांचे फेसबुक, बँकेचे खाते, शिष्यवृत्तीचा महाडीबीटी अर्ज या साऱ्यांना जोडलेला क्रमांक मात्र तोच जुना राहतो. नव्या धारकाच्या हाती आपले संकेतांक आपसूक जाऊ लागतात. त्याने काही चोरायचे ठरविले, तर त्याला हॅकर असण्याचीही गरज नाही.

यासाठी शाळेने, आणि शाळेपेक्षाही माजी विद्यार्थी संघाने, काही करावे अशी आमची सूचना आहे. प्रवेशाच्या दिवशी आणि दिवाळीची सुटी लागण्याच्या दिवशी पालक वसतिगृहात येतातच. त्या दोन दिवशी संगणक कक्षात दोन-तीन जाणत्या माजी विद्यार्थ्यांनी बसावे. प्रत्येकाचा मोबाईल त्याच्याच हातात ठेवून पिन लावून द्यावा आणि तो वहीत, घरी लिहून ठेवण्यास सांगावे. ‘संचार साथी’ पोर्टलवर त्याच्या नावे किती सिम चालू आहेत ते दाखवावे. ज्यांचा क्रमांक बदलला असेल, त्यांनी त्याच दिवशी तो कार्यालयातील नोंदवहीत, बँकेत आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात बदलून घ्यावा. तोडीवर निघणाऱ्यांसाठी जुने सिम निदान चालू राहील एवढ्या रिचार्जची सोय संघाच्या निधीतून करता येईल काय, याचा विचार येत्या सभेत व्हावा.